काटा शून्यावर आहे, म्हणजे नक्की काय?

काळ्या बेकेलाइटचा जाडजूड ठोकळा, उचलायला चामड्याचा पट्टा, काचेखाली पंख्यासारखी पसरलेली मोजपट्टी, तिच्यावर केसाएवढा बारीक काटा आणि खाली दोन भलेमोठे गोल स्विच. वसई पूर्वेला वालीव-सातिवलीच्या गाळ्यांजवळ भंगारात असं काही दिसलं, किंवा रेल्वेतून, टेलिफोनमधून रिटायर झालेल्या आजोबांच्या माळ्यावरून खाली आलं, तर किलोच्या भावात घालवू नका. तो अ‍ॅनालॉग मल्टिमीटर आहे. अंगावर कुठे तीन रेघांचा बाण उमटलेला असेल, तर तो ब्रिटिश सरकारी मालाचा शिक्का. म्हणजे स्वारी बहुधा लष्करात नोकरी करून आलीये!

आणि तो बंद असेल तर उत्तमच. कॉलेजच्या लॅबमध्ये आपल्याला सगळं चालू स्थितीत मिळतं. रीडिंग घ्यायचं, जर्नलमध्ये उतरवायचं, सही घ्यायची, सुटलो! बिघडलंय कुठे, हे शोधायची वेळच येत नाही. जुना मीटर नेमकं तेच शिकवतो.

एका पेटीत सगळं

या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे अ‍ॅव्हो मीटर. ब्रिटिश पोस्ट खात्यातले इंजिनीअर डोनाल्ड मॅकॅडी यांना कामावर वेगवेगळी मापकं वाहून न्यायचा कंटाळा आला आणि त्यांनी सगळी एका पेटीत बसवली. अ‍ॅम्पिअर, व्होल्ट आणि ओहम यांची पहिली अक्षरं जोडून नाव झालं अ‍ॅव्हो. १९२३ साली तो बाजारात आला. आपल्या विरारपर्यंत विजेची लोकल पोचली १९३६ साली, तेव्हा अ‍ॅव्हो तेरा वर्षांचा होता. त्याचं गाजलेलं ‘मॉडेल ८’ १९५१ मध्ये निघालं आणि सुधारत सुधारत थेट २००८ पर्यंत बनत राहिलं. इतकी वर्षं टिकलेला एखादा फोन आठवतोय का?

आपल्याकडे याच धाटणीचे मीटर नाशिक रोडच्या मोटवाने कंपनीने बनवले. हे तेच ‘शिकागो रेडिओ’वाले मोटवाने. १९४२ च्या आंदोलनात उषा मेहतांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, तेव्हा नानक मोटवाने यांनी त्याला तांत्रिक मदत केली आणि त्यासाठी अटकही सोसली. उषाताई तेव्हा २२ वर्षांच्या होत्या, म्हणजे आपल्याच वयाच्या.

स्क्रू-ड्रायव्हर जरा बाजूला ठेवा

मीटर हातात आला की पहिला मोह होतो तो उघडण्याचा. थांबा. आधी बाहेरून तपासा. अ‍ॅव्होवर ‘कटआउट’ नावाचं एक बटण असतं. जास्त करंट आला की ते उसळून वर येतं आणि मीटरचा जीव वाचवतं. ते दाबून बसवा. कित्येकदा मीटर बिघडलेला नसतोच, कटआउट पडलेला असतो.

मग सगळ्यात लहान डीसी करंटच्या रेंजवर स्विच ठेवा, दोन्ही टर्मिनल तारेच्या तुकड्याने जोडा आणि मीटर हलकेच डोलवा. काटा पाण्यातून चालल्यासारखा जड हलला तर आतली कॉइल शाबूत आहे. मोकाट झुलत राहिला तर कॉइल किंवा तिची जोडणी कुठेतरी तुटली आहे. चुंबकात फिरणारी कॉइल स्वतःच वीज तयार करते आणि ती वीज तिच्याच हालचालीला विरोध करते. बारावीला घोकलेला लेन्झचा नियम तो हाच, इथे डोळ्यांना दिसतो!

लक्षणावरून रोग ओळखा

आत काय आहे? एक गॅल्व्हानोमीटर आणि त्याच्याभोवती रेझिस्टरची साखळी. समांतर जोडला की अ‍ॅमीटर, एकसरीत जोडला की व्होल्टमीटर. हेसुद्धा बारावीचंच.

त्यामुळे मीटर कुठे चुकतोय यावरून बिघाडाची जागा कळते. फक्त ओहम चुकत असतील तर सेल बघा. डीसी बरोबर आणि एसी चूक असेल तर संशय रेक्टिफायरवर. सगळ्याच रेंज सारख्या प्रमाणात चुकत असतील तर काट्याचा भाग किंवा सगळ्यांना सामायिक असलेला रेझिस्टर. एखाद्या व्होल्टेज रेंजपासून पुढे गडबड असेल तर साखळीत त्या ठिकाणी जोडलेला रेझिस्टर.

जुन्या कार्बन रेझिस्टरची किंमत वर्षानुवर्षं हळूहळू वाढत जाते. मॉडेल ८ ला दर व्होल्टला २० हजार ओहम लागतात, म्हणजे १०० व्होल्टच्या रेंजला २० लाख. तोच आकडा २२ लाख झाला की १०० व्होल्टला काटा ९१ च्या आसपास थांबतो. आणि रेझिस्टर पूर्ण तुटलाच तर? काटा शून्यावर. तारेत मात्र व्होल्टेज तसंच!

मंडळी, ही गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. शून्याचे दोन अर्थ असतात. एक, तारेत वीज नाही. दोन, मीटरच मेलाय. काटा यातला फरक सांगत नाही, तो आपणच शोधायचा असतो. म्हणून जाणकार इलेक्ट्रिशियन तार बंद आहे की नाही हे तपासताना मीटर आधी चालू सप्लायवर लावून बघतो, मग त्या तारेवर, आणि शेवटी पुन्हा चालू सप्लायवर. मधल्या शून्यावर विश्वास ठेवायचा तो आजूबाजूच्या दोन रीडिंगमुळे.

पावसाळा नावाचा शत्रू

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या जंगलात शत्रूइतकाच त्रास दमट हवेने आणि बुरशीने दिला. रेडिओ, मीटर, सगळं बंद पडू लागलं. मग यंत्रांना वॉर्निश देणं, फटी बुजवणं असे उपाय आले. अ‍ॅव्होचीही ‘पॅनक्लायमॅटिक’, म्हणजे सगळ्या हवामानांत टिकणारी आवृत्ती निघाली.

खाडी, मिठागरं आणि चार महिन्यांचा पाऊस असलेल्या आपल्या वसई-विरारमध्ये हा शत्रू घरचाच. स्विचच्या पितळी पट्ट्या काळ्या पडतात, फुटलेल्या सेलची पांढरी-हिरवी पूड स्प्रिंगांवर बसते. पूड कोरड्या ब्रशने काढा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. स्विचला थोडासा काँटॅक्ट क्लीनर लावा आणि तो पंधरा-वीस वेळा फिरवा. पॉलिश पेपर नको, पट्टीवरचा मुलामा जातो. काट्याच्या चुंबकाजवळ लोखंडाचा एक कण जरी गेला तरी तो फटीत अडकून बसतो, म्हणून तो भाग शक्यतो उघडूच नका.

मॉडेल ८ ला लागणारा १५ व्होल्टचा सेल आता सहज मिळत नाही. पण ३ व्होल्टचे पाच बटण सेल एकसरीत लावले की झाले १५! बाकी सुट्या भागांसाठी विरार लोकल आहेच. ग्रँट रोडला उतरा आणि लॅमिंग्टन रोड गाठा.

आता परीक्षा मीटरची

काटा हलला म्हणजे मीटर दुरुस्त झाला असं नाही. शून्याचा स्क्रू नीट लावा. मग एक चांगला डिजिटल मीटर शेजारी ठेवून दीड व्होल्टचा सेल, ९ व्होल्टची बॅटरी अशी एकेक रीडिंग ताडून बघा.

इथे एक गंमत आहे. ९ व्होल्टच्या बॅटरीला २०० किलोओहमचे दोन रेझिस्टर एकसरीत जोडा आणि त्यातल्या एकावरचं व्होल्टेज मोजा. डिजिटल मीटर जवळपास साडेचार दाखवेल. अ‍ॅव्हो १० व्होल्टच्या रेंजवर दाखवेल ३! दोघंही खरं बोलतायत. त्या रेंजवर अ‍ॅव्होचा स्वतःचा रोध २०० किलोओहमच असतो. तो जोडला गेला की सर्किटच बदलतं आणि काटा त्या बदललेल्या सर्किटचं व्होल्टेज दाखवतो. व्हायवाला हे सांगून बघा.

इथे मात्र हात आवरा

घरातल्या २३० व्होल्टवर हा मीटर लावायचा नाही. आज मल्टिमीटरवर ‘कॅट’ रेटिंग लिहिलेलं असतं, ते मेन लाइनवरच्या अचानक उसळणाऱ्या व्होल्टेजपासूनच्या संरक्षणासाठी. हे नियम येण्याआधीच्या मीटरला ते संरक्षण नाही, आणि जुन्या वायरींचं रबर तडकलेलं असतं ते वेगळंच. सेल, बॅटरी, ब्रेडबोर्ड, एवढंच त्याचं मैदान.

दुसरं, लष्करी सामानातल्या काही मापकांच्या काट्यांवर, आकड्यांवर अंधारात चमकणारा रेडियमचा रंग असायचा. मल्टिमीटरवर तो सहसा नसतो. पण जाड, पिवळट-तपकिरी रंगाचा थर दिसला तर ते उपकरण उघडू नका, खरवडू नका. चमक गेली म्हणून रेडियम जात नाही, ते अर्धं व्हायलाच सुमारे १६०० वर्षं लागतात.

सगळं जमलं की शेवटचं काम एका चिठ्ठीचं. कुठली रेंज किती चुकते, कुठला भाग बदलला, कुठल्या तारखेला तपासलं आणि ‘मेनवर वापरू नये’, एवढं लिहून ती मीटरच्या पाठीला चिकटवा. तुमच्यानंतर तो ज्याच्या हातात जाईल, तो काट्याकडे बघूनच तारेला हात लावायचा की नाही हे ठरवणार आहे.