तिसऱ्या दिवसाची पहाट

गुढी उभारून आपण चैत्रमासाचे स्वागत करतो. पुढे रामनवमी, हनुमानजयंती अशी उत्सवांची मालिका सुरू होते आणि हरसूलच्या रानावनात मोहाची फुले टपटपू लागतात. याच वसंतात आपल्या ख्रिस्ती बांधवांचा ईस्टर येतो. २१ मार्च हा वसंतसंपात धरून त्या दिवशी अथवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेमागचा पहिला रविवार, असा त्याचा दंडक आहे. म्हणूनच २०२४ साली तो होळीपौर्णिमेमागोमाग ३१ मार्चला आला, तर २०२५ साली चैत्री पौर्णिमेनंतर २० एप्रिलला. सूर्य आणि चंद्र या दोघांनाही विचारून ठरणारा हा सण, पंचांग पाहणाऱ्या घराला अगदीच परका वाटू नये.

तथापि नाताळ आपल्याला जितका परिचित, तितका ईस्टर नाही. मराठी ख्रिस्ती त्याला पुनरुत्थानाचा सण म्हणतात. ‘उत्थान’ हा शब्द आपल्या कानांना नवा नाही. कार्तिकी एकादशीला आपण देवोत्थानी म्हणतोच. तेथे भगवंत योगनिद्रेतून जागे होतात. येथे उठणे आहे ते प्रत्यक्ष मृत्यूतून. पुनर्जन्म आणि पुनरुत्थान यांतही मोठे अंतर आहे. पुनर्जन्मात जीव जुना देह टाकून नवा धारण करतो, जुने नावगाव मागे राहते. पुनरुत्थानात तोच मनुष्य, त्याच नावाने, त्याच खुणांसह उठतो, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे.

कथा अशी. शुक्रवारी येशूला क्रुसावर खिळून मारण्यात आले. सूर्यास्तापासून यहुद्यांचा शब्बाथ सुरू होणार, म्हणून दफन घाईने उरकले गेले. शब्बाथ सरल्यावर रविवारी पहाटे काही स्त्रिया सुगंधी द्रव्ये घेऊन कबरीकडे निघाल्या. वाचकहो, आपल्याकडेही तिसऱ्या दिवशी घरची माणसे अस्थिसंचयनासाठी स्मशानात जातात. त्या पहाटेचे जडावलेले पाऊल ज्याने अनुभवले आहे, त्याला या स्त्रियांचे मन वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. त्या चमत्कार पाहायला निघाल्या नव्हत्या, राहिलेले कर्तव्य पुरे करायला निघाल्या होत्या. पाहतात तो धोंड लोटलेली, कबर रिकामी! योहानाच्या शुभवर्तमानानुसार मग्दालिया मरियेला समोर उभा असलेला पुरुष प्रथम बागेचा माळी वाटला. त्याने नावाने हाक मारली तेव्हा कोठे ओळख पटली. ज्या समाजात स्त्रीच्या साक्षीला फारसे मोल नव्हते, तेथे या वार्तेची पहिली साक्षीदार एक स्त्री ठरली.

या कथेचे मर्म कशात आहे? आपला त्र्यंबक परिसर मृत्युंजयाच्या उपासनेचा. महामृत्युंजय मंत्रात भक्त मागतो ती सुटका पिकल्या फळासारखी, देठापासून सहज होणारी. परंतु ऐन तारुण्यात, अन्यायाने मारला गेलेला येशू हे पिकलेले फळ नव्हते. ते हिसडून तोडलेले कच्चे फळ होते. अशा मृत्यूचे काय, हा प्रश्न ईस्टर विचारतो. त्याचे उत्तर असे की, सत्तेने ज्याला अपराधी ठरवले, त्याच्या बाजूने ईश्वर उभा राहिला. शंका घेणाऱ्या थोमाला त्याने दाखविल्या त्या हातांवरील जखमा. पुनरुत्थानाने त्या पुसल्या नाहीत. दुःख घडलेच नाही, असे ईस्टर म्हणत नाही. ते अखेरचे नव्हे, एवढेच तो म्हणतो.

ही कथा मराठी वाणीला चार शतकांपासून ठाऊक आहे. १५७९ साली गोव्यास आलेले इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओवीत रचले. १६१६ साली ते रायतूर येथे छापले गेले. पुढे १८९५ साली नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि अभंग-कीर्तनाच्या वाटेने तो गायिला. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरची. पतीच्या धर्मांतराने संसार दुभंगला. पाच वर्षांनी, १९०० साली, त्यांनीही तो मार्ग धरला. १९१९ साली टिळक वारले, तेव्हा अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनी पुढे नेले. ज्या निर्णयाने त्यांना एकेकाळी उन्मळून टाकले, त्याच्याच कथेला त्यांनी आपली वाणी दिली.

आपला आणि त्यांचा सिद्धांत एकच आहे, असे म्हणणे दोहोंवर अन्याय करणारे ठरेल. आत्म्याच्या अमरत्वावर आपली श्रद्धा आहे आणि ती पुरेशी आहे. परंतु कर्ता मुलगा गेलेल्या घरी आपण जातो, तेव्हा कर्मविपाक सांगण्याची घाई करतो. पूर्वजन्मीचे काही असेल, हे शब्द शास्त्राला धरून असतील. त्या मातेच्या कानी मात्र ते आरोपासारखे पडतात. तेथे ईस्टरची कथा आपल्यालाही काही शिकवते. जखम प्रथम पाहावी, ती खरी मानावी, त्या माणसाला नावाने हाक मारावी, आणि मग आशेचा शब्द उच्चारावा. आपल्या संतांची करुणा याहून निराळी नाही.

ईस्टरच्या दिवशी शेजारच्या ख्रिस्ती घरी शुभेच्छा द्यायला अवश्य जावे. ज्या घरांत यंदा तिसऱ्या दिवसाची पहाट उगवली, त्या सर्वांना मृत्युंजय त्र्यंबकराज धीर देवो, हीच प्रार्थना.