गट केला, पण गट पाडला कोणी?

मुलांना चार-पाचांच्या गटात बसवून शिकवावे, हा विचार आता नवा राहिलेला नाही. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने ज्ञानरचनावाद पुढे आणला. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 29 ने कृतीतून शिकण्याला कायद्याचा आधार दिला. 2015 पासून 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'च्या निमित्ताने जिल्हा परिषद शाळांच्या फरशा रंगल्या.

आम्हाला गटकाम हवेच आहे. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावाला घरून आणलेल्या तरटावर वेगळे बसावे लागे. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलात गुरुजींनी त्यांना फळ्याकडे बोलावले, तेव्हा मागे ठेवलेले डबे बाटतील म्हणून सवर्ण पोरे धावली. एका कागदावर पाच डोकी वाकतात तेव्हा हीच शिवाशिव मोडते. ज्या नाशकात 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला, तिथे शेजारी कोण बसतो हा प्रश्न किरकोळ नाही.

पण गट पाडतो कोण? 'ज्याला जिथे बसायचे तिथे बसा' म्हटले की गावठाणाचा एक गट होतो, वस्तीचा दुसरा, पाड्याचा तिसरा. म्हणजे गावच वर्गात येऊन बसते! गुणांवर पाडले तर एक 'हुशारां'चा आणि एक 'ढ' पोरांचा. आणि 'ढ' कोणाला म्हणायचे, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. गटप्रमुखही कायमचा एकच. तोच लिहितो, तोच उभा राहून सांगतो, बाकीचे खडू-डस्टर आणतात. गुरुजींना वाटते, गट शिकला.

सुरगाणा, पेठकडे घरी कोकणा बोलणारी मुले आहेत. तिथे दोन्ही बोली येणारे एक पोर गटात असले, तर गणित पुस्तकातून थेट पाड्यापर्यंत पोहोचते. हे काम एकट्या गुरुजींना फळ्यापाशी उभे राहून जमत नाही. मात्र 'मोठी मुले लहानांना शिकवतात' असे सांगून शिक्षकाची जागा रिकामी ठेवणे, ही सरकारची लबाडी आहे. प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक, हे त्याच कायद्यात लिहिले आहे.

गट शिक्षकानेच पाडावेत, मिसळून पाडावेत, पंधरवड्याला बदलावेत आणि गटप्रमुखपद मुलींसकट प्रत्येकाकडे फिरवावे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि दुर्बल घटकांच्या पालकांनाही त्यात वाटा आहे. वस्तीतल्या आया-बापांनी एकदा वर्गाच्या दारात उभे राहून बघावे, आपले लेकरू कोणाशेजारी बसले आहे आणि खडू कोणाच्या हातात आहे.