मद्यपरवाने आणि गावाचा कौल

१५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतील मद्यविक्री बंद करण्याचा आदेश दिला आणि गोव्यातील विक्रेत्यांचे धाबे दणाणले. ३१ मार्च २०१७ रोजी २०,००० पर्यंत लोकवस्तीच्या क्षेत्रांसाठी ही मर्यादा २२० मीटरवर आली. त्याच वर्षी नगरपालिका क्षेत्रे आदेशातून सुटली. तेव्हा अंतरे मोजण्यात जी तत्परता दिसली, ती शेजाऱ्यांचे म्हणणे ऐकण्यात कधी दिसणार?

आम्ही दारूबंदीचे पुरस्कर्ते नव्हेत. २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या काजू फेणीशी तर आमचे मुळीच भांडण नाही. प्रश्न आहे तो तात्पुरत्या परवान्यांचा. १९६४ च्या अबकारी कायद्याच्या चौकटीत कायम दुकानाप्रमाणे एखाद्या सोहळ्यापुरती मद्यविक्रीही परवान्याखाली येते. मात्र कायम दुकानाचा मालक गावाच्या ओळखीचा असतो. तक्रार झाली तर सकाळी त्याच्या दारात जाता येते. एका रात्रीचा विक्रेता उजाडण्यापूर्वीच गाशा गुंडाळतो. मागे उरतात त्या फुटक्या बाटल्या, अडलेले रस्ते आणि रात्रभर डोळा न लागलेली म्हातारी माणसे. (शुल्क मात्र तिजोरीत सुखरूप पोचलेले असते!)

म्हणून अशा प्रत्येक अर्जाची प्रत, आयोजकाचे नाव, जागा व वेळ यांसह, निदान आठ दिवस पंचायतीच्या फलकावर लागावी. हरकती ऐकल्याविना परवाना देऊ नये, आणि सफाईची अनामत रक्कम आयोजकाकडून आधीच घ्यावी. अबकारी खात्याला हे अवघड नाही.