खातं चालू आहे!

वाईत सुट्टे नसले तर हातावर चॉकलेट टेकवत नाहीत. 'राहू द्या, नंतर द्या,' म्हणतात. आता 'नंतर' म्हणजे कधी? तर पुढच्या वेळी याल तेव्हा. मग ते उद्या असो नाहीतर दिवाळीत. आपल्यासारख्या पुण्या-मुंबईच्या पब्लिकला हे पहिल्यांदा जाम विचित्र वाटतं. अरे, यांनी माझं नाव विचारलं नाही, मोबाइल नंबर घेतला नाही, ओटीपी नाही... आणि सात रुपये सोडून दिले?

सोडून वगैरे काही दिलेले नसतात, बॉस! लक्षात ठेवलेले असतात.

पुण्यापासून नव्वदेक किलोमीटर. खंबाटकी ओलांडायचा, सुरूर फाट्याला वळायचं, की आलीच वाई. आपल्यापैकी बहुतेकांसाठी हे महाबळेश्वरच्या वाटेवरचं गाव. ढोल्या गणपतीला हात जोडायचे, कृष्णेच्या घाटावर दोन फोटो काढायचे आणि पसरणी घाटाला लागायचं. सिनेमावाले मात्र इथे चांगले मुक्काम ठोकून राहिले. 'गंगाजल' (२००३) मधला बिहार इथलाच आणि 'स्वदेस' (२००४) मधलं चरणपूर म्हणजे शेजारची मेणवली.

माझी आत्या इथे राहते. शाळेतून रिटायर झालेली, आता एकटी. मुलगा हिंजवडीत, आयटीमध्ये. त्यामुळे महिन्या-दोन महिन्यांतून माझा एक वीकेंड वाईत जातो. आणि 'छोट्या गावातली माणसं किती गोड असतात ना!' हे ऐकलं की मला हसू येतं. गोड असतातच. पण फंडा निराळा आहे.

आत्याच्या किराणावाल्या काकांचंच बघा. दुकानात समोरच पाटी : 'आज रोख, उद्या उधार'. आणि बरोबर त्या पाटीखाली उधारीची लांबलचक लाल वही! त्यात आत्याचं स्वतंत्र पान आहे. पेन्शन जमा झाली की पहिल्या आठवड्यात हिशेब. व्याज नाही, सही नाही. यात माया आहेच, पण धंदाही पक्का आहे. पॅकबंद मालावर सुटतं किती? किंमत तर छापलेलीच असते. शेंगदाणे, गूळ, तांदूळ असा सुटा माल खपला तर दोन पैसे जास्त मिळतात, आणि त्यासाठी गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा पायरी चढायला हवं. ज्याचं वहीत पान आहे, ते सहसा दुसरीकडे जात नाही. मग त्याच्याशी बोलावं लागतं. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी, नातीची दहावी कधी, हे लक्षात ठेवावं लागतं. आपल्या कंपन्या याच कामासाठी महागडं सॉफ्टवेअर घेतात. काकांचं सगळं डोक्यात!

हे डोक्यातलं सॉफ्टवेअर भलत्या वेळी कामाला येतं. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला. एसटी बंद, माझा आतेभाऊ पुण्यात अडकलेला. आत्या फोनवर यादी सांगायची आणि काकांचा पोरगा फाटकाला पिशवी अडकवून जायचा. पैशांचं नावही कुणी काढलं नाही. मेडिकलवाला दादा बीपीच्या गोळ्या तिने मागायच्या आधीच पाठवायचा, कारण तिची स्ट्रिप कधी संपते हे त्याला पाठ. आणि दूधवाला! सकाळी त्याने दाराला अडकवलेली पिशवी परत फिरताना तशीच दिसली, तर तो खालून हाका मारायला लागतो. दोन वर्षांपूर्वी तापाने फणफणलेली आत्या त्या हाकांमुळेच डॉक्टरकडे पोचली. मुलगा नव्वद किलोमीटरवर मीटिंगमध्ये होता.

चौकशी खिडकी चोवीस तास

पण थांबा, लगेच राजीनामा टाकून गावाकडे पळू नका. या आपुलकीचं बिलही येतं. मी एकदा कॉलेजच्या मित्राच्या बाइकवरून आले, तर मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. 'लग्नाचं काय?' हा प्रश्न मला भाजीवाल्या मावशींपासून झेरॉक्सवाल्यापर्यंत सगळ्यांनी विचारलाय. आणि ती उधारीची पाटी अगदीच शोभेची नाही. दुकानाजवळच्या बिल्डिंगमध्ये फरशा बसवायला बिहारहून आलेला एक पोरगा राहतो. वर्ष होत आलं, रोज संध्याकाळी येतो, तेल-तांदूळ नेतो. त्याला रोख. काका म्हणाले, "त्याचं गाव कुठलं, घर कुठलं, आपल्याला काय म्हाईत?" पडद्यावरचा बिहार ज्या गावाने उभा करून दिला, तिथे खऱ्या बिहारच्या पोराचं अजून वहीत पान नाही. विश्वास सगळ्यांनाच मिळतो, असं नाही. तुमच्या मागे कुणीतरी गावात उभं असावं लागतं.

तर गेल्या वर्षी आतेभावाने आईसाठी किराणा ऑनलाइन मागवायला सुरुवात केली. हेतू एकदम चांगला. तिला ओझं नको, पिशव्या नकोत. साबण, डाळी, कॉफी, सगळं खोक्यातून दारात. शिवाय डिस्काउंट! तुमच्यापैकी किती जण हेच करत असतील, मला माहितीये. ऑफिसातल्या चहाच्या ब्रेकमध्ये आई-बाबांचा महिना भरून टाकायचा, की डोक्याचा ताप गेला.

दोन महिन्यांनी मी दुकानावरून जात होते, तर काकांनी हाक मारली. गल्ल्यावरून उठून बाहेर आले. आवाज खाली आणून म्हणाले, "बाईंचं काही चुकलं का आमच्याकडनं? शेंगदाणे खवट निघाले व्हते का?"

मला पटकन उत्तर सुचेना. खवट काहीच निघालं नव्हतं. फक्त आत्या तिथे गेली नव्हती. आणि ती तिथे गेली नाही, म्हणजे तिचा चालताना तोल जातोय का, चेहरा उतरलाय का, हे बघणारं एक माणूस कमी झालं होतं. खोकं आणणारा मुलगा बिचारा चांगला आहे, पण त्याला आणखी चाळीस दारं गाठायची असतात. 'डिलिव्हर्ड' एवढाच मेसेज हिंजवडीला पोचतो.

संध्याकाळी आत्याला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, चपला घातल्या आणि निघाली. येताना हातात पावशेर शेंगदाणे आणि काडेपेटी. ऑनलाइन खोकी अजून येतात, पोराचं मन ती मोडत नाही. पण एक दिवसाआड दुकानात जाते. शेंगदाणे, चहापत्ती, कधी नुसताच खायचा सोडा. मागच्या महिन्याचा हिशेब झाला तीनशे दहा रुपये. काकांनी दहा रुपये नंतर द्या म्हणून सांगितलंय.