निघायचं की थांबायचं?

समजा, तुम्ही आजच होस्टेलवर राहायला आलाय. बाबा बॅगा वर चढवून धापा टाकतायत, आई कपाट पुसतेय, रूममेटचं नाव नुकतंच कळलंय. तेवढ्यात विद्यापीठाचे अध्यक्ष सगळ्यांना हॉलमध्ये बोलावून सांगतात, वादळ येतंय, आजच शहर सोडा. काय कराल?

२७ ऑगस्ट २००५, शनिवार. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरातल्या टुलेन विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या मुलांवर नेमकी ही वेळ आली. बहुतेक जण आल्या पावली आई-बाबांबरोबर परत फिरले. ज्यांची जायची सोय नव्हती अशा सहाशेच्या आसपास मुलांना बसनं शेजारच्या मिसिसिपी राज्यात, जॅक्सनला नेलं. चार-पाच दिवसांचा प्रश्न आहे, मग परत येऊ, असंच सगळे धरून चालले होते. पण ते अख्खं सेमिस्टर झालंच नाही. कॉलेज पुन्हा उघडलं ते जानेवारी २००६ मध्ये. त्याच शहरातल्या झेवियर विद्यापीठाची काहीशे मुलं मात्र कॅम्पसवर राहिली होती. पाणी चढल्यावर ती अडकली आणि काही दिवसांनी त्यांना तिथून बाहेर काढावं लागलं.

त्या वादळाचं नाव कॅटरिना. अटलांटिकमध्ये ज्याला हरिकेन म्हणतात, तेच आपल्याकडचं चक्रीवादळ. कॅटरिनानं शहराचे संरक्षक बांध फुटले आणि ८० टक्के न्यू ऑर्लिन्स पाण्याखाली गेलं. मृतांचा आकडा अनेक वर्षं १,८०० च्या वर सांगितला जायचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्रानं २०२३ मध्ये सुधारून तो १,३९२ केला.

आता आपल्या सगळ्यांच्या तोंडावर येणारा प्रश्न: 'आधी सांगितलं होतं ना? मग लोक गेले का नाहीत?' टीव्हीसमोर बसून हा प्रश्न फार सोपा वाटतो. जरा त्यांच्या घरात जाऊन बघूया.

हातात किती तास होते?

शुक्रवारी, २६ तारखेला दुपारपर्यंत अंदाज होता की वादळ फ्लोरिडाच्या बाजूला जाईल. संध्याकाळी अंदाज पश्चिमेकडे सरकला आणि न्यू ऑर्लिन्स त्याच्या टप्प्यात आलं. म्हणजे वीकेंडला मित्रांबरोबर बाहेर पडलेल्या कित्येकांना ही बातमी शनिवारी सकाळीच कळली असणार. शनिवारी दुपारी चारपासून हायवेच्या दोन्ही बाजू फक्त शहराबाहेर जाणाऱ्या गाड्यांसाठी खुल्या केल्या. संध्याकाळी महापौर रे नेगिन यांनी लोकांना शहर सोडायचं आवाहन केलं, पण ते ऐच्छिक होतं. सक्तीचा आदेश निघाला रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास. तोवर वादळ सर्वांत वरच्या, म्हणजे पाचव्या श्रेणीत पोचलं होतं आणि वारे ताशी २८० किलोमीटरपर्यंत जात होते. सोमवारी सकाळी सहा-सव्वासहाला ते किनाऱ्यावर धडकलं.

हिशेब करा. सक्तीच्या आदेशानंतर एक पूर्ण दिवसही नव्हता. त्यातही वादळ धडकायच्या बऱ्याच आधी वारा इतका वाढतो की रस्त्यावर गाडी चालवता येत नाही.

आणि तरीही दहा लाखांहून जास्त माणसं त्या परिसरातून बाहेर पडली, हे आपण विसरतो. शहरात मागे राहिले ते एक लाखाच्या आसपास. म्हणजे लोकांनी ऐकलं नाही असं सरसकट म्हणताच येत नाही. मग जे राहिले, ते का राहिले?

'मागच्या वेळी काही नाही झालं'

१९९८ मध्ये जॉर्जेस नावाचं वादळ येणार म्हणून लोक निघाले, ते दुसरीकडे वळलं. २००४ मध्ये, म्हणजे कॅटरिनाच्या साधारण एक वर्ष आधी, आयव्हन येणार म्हणून पुन्हा निघाले. एरवी दीड तासात होणाऱ्या प्रवासाला तेव्हा दहा-दहा तास ट्रॅफिकमध्ये काढावे लागले आणि तेही वादळ दुसरीकडेच गेलं. पेट्रोल, हॉटेल, बुडालेली रोजी, रडणारी पोरं, आणि घरी येऊन बघावं तर सगळं जागच्या जागी. तिसऱ्या वेळी आदेश आला तर तुम्ही लगेच बॅग भरली असती का? खरं सांगा.

याच्या उलट टोकाची माणसं शेजारच्या मिसिसिपीच्या किनाऱ्यावर होती. तिथं १९६९ मध्ये कमील नावाचं पाचव्या श्रेणीचं वादळ येऊन गेलं होतं. कमीलमध्ये ज्या घराला पाणी लागलं नाही, त्याला आता काय होणार, असा लोकांचा भरवसा. शिवाय किनाऱ्यावर येईपर्यंत कॅटरिनाची श्रेणी पाचवरून तीनवर आली होती. पण एक गोष्ट लक्षात घ्या. श्रेणी फक्त वाऱ्याच्या वेगावरून ठरते. समुद्र किती आत येणार, हे ती सांगत नाही. कॅटरिना आकारानं प्रचंड होतं आणि त्यानं समोर ढकलत आणलेलं उधाण तिथं जवळपास २८ फूट चढलं. कमीलपेक्षा जास्त. जुन्या अनुभवावर विसंबून राहिलेल्यांचा घात झाला.

हे आपल्याला परकं वाटायला नको. सांगली-कोल्हापूरला २०१९ चा महापूर आला तेव्हा कित्येक घरांत माप होतं ते २००५ च्या पुराचं. तेव्हा पायरीपर्यंत आलं होतं, आताही तेवढंच येईल. पाणी त्या खुणेच्याही वर गेलं.

गाडी नाही, महिनाअखेर आहे

तारीख पुन्हा बघा. २८ ऑगस्ट. महिनाअखेर. ज्यांचं घर एक तारखेला येणाऱ्या सरकारी चेकवर किंवा पगारावर चालतं, त्यांच्या खिशात त्या रविवारी काय असेल? आणि न्यू ऑर्लिन्समधल्या चारातल्या एकाहून जास्त घरांत गाडीच नव्हती. अमेरिकेत गाडी नसणं म्हणजे काय, हे लोकल आणि एसटीची सवय असलेल्या आपल्याला चटकन कळत नाही. 'शहर सोडा' हा आदेश गाडी असणाऱ्यांसाठीच होता म्हणा ना.

वादळानंतर ह्यूस्टनच्या निवारा केंद्रांत राहणाऱ्या ६८० जणांची पाहणी झाली. त्यात ५५ टक्के लोकांकडे गाडी किंवा बाहेर पडायचं दुसरं साधन नव्हतं. ६८ टक्के लोकांकडे बँकेत पैसे नव्हते आणि वापरता येईल असं क्रेडिट कार्डही नव्हतं. वादळ इतकं मोठं असेल असं वाटलं नाही, असं सांगणारेही त्यात होते. पण नुसत्या हट्टानं बसून राहिलेल्यांची ती गर्दी नव्हती.

त्यात घरात म्हातारं माणूस असेल तर? लुइझियाना राज्यात दगावलेल्यांपैकी जवळपास निम्मे पंच्याहत्तरी गाठलेले किंवा ओलांडलेले होते. आजी उठून बसू शकत नाही, आजोबांना ऑक्सिजन लागतो, आणि त्यांना सोडून नातवंडं जाणार नाहीत. एक माणूस थांबला की घर थांबतं.

आणि कुत्रं-मांजर? हसू नका. शहरातल्या सुपरडोम स्टेडियममध्ये आसरा घेतलेल्यांना बसमध्ये चढवताना प्राणी मागे ठेवायला लावले. एका लहान मुलाच्या हातातून त्याचं 'स्नोबॉल' नावाचं कुत्रं काढून घेतल्याची बातमी अमेरिकाभर गेली. प्राण्याला टाकून यावं लागेल म्हणून घर न सोडलेलेही बरेच होते. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, अमेरिकेनं कायदा केला की सुटकेच्या सरकारी आराखड्यात पाळीव प्राण्यांचाही विचार झाला पाहिजे.

निघणंही फुकट नसतं

मग धडा सोपा आहे, वादळ म्हटलं की पळा? तसंही नाही. कॅटरिनानंतर महिनाभरात टेक्सासकडे रिटा नावाचं वादळ निघालं. टीव्हीवर न्यू ऑर्लिन्सची दृश्यं ताजी होती. ह्यूस्टन आणि आसपासचे पंचवीस लाखांच्या वर लोक एकदम रस्त्यावर आले. ज्यांना निघायची गरज नव्हती, तेही. मैलोन् मैल गाड्या ठप्प, पेट्रोल संपलेलं, भयंकर ऊन. शेवटी वादळ ह्यूस्टनच्या पूर्वेला सरकलं. पण शंभराच्या आसपास माणसं या निघण्याच्या धावपळीतच गेली. त्यातले २३ जण एका वृद्धाश्रमाचे रहिवासी होते. त्यांना सुरक्षित ठिकाणी नेणाऱ्या बसला डॅलसजवळ आग लागली.

आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवा. कॅटरिनाच्या वेळी न्यू ऑर्लिन्सलगतच्या एका वृद्धाश्रमानं आपल्या रहिवाशांना हलवलंच नाही. तिथं पाणी शिरलं आणि ३५ जण बुडाले. मालकांवर खटला चालला, ते निर्दोष सुटले.

एका ठिकाणी हलवलं म्हणून गेले, एका ठिकाणी हलवलं नाही म्हणून. त्या खुर्चीत तुम्ही असता, तर फोन उचलून बस मागवली असती की नसती? निकाल माहीत असताना उत्तर देणं सोपं असतं. त्या शनिवारी तो कुणालाच माहीत नव्हता.

शहर काय शिकलं?

न्यू ऑर्लिन्समध्ये आज १७ ठिकाणी हात उंचावून उभे असलेले स्टीलचे पुतळे दिसतात, प्रत्येक १४ फूट उंच. जणू कुणी रिक्षाला हात दाखवतंय. सक्तीचा आदेश निघाला की या ठिकाणी यायचं, तिथून शहराबाहेर नेण्याची सोय सरकार करतं. गाडी नको, पैसे नकोत, कुत्रं आणलं तरी चालतं. 'गेले का नाहीत' याऐवजी 'जाणार कसे' हा प्रश्न विचारला, तेव्हा हे सुचलं. २००८ मध्ये गुस्ताव वादळाच्या वेळी सरकारनं बस आणि रेल्वेनं हजारो लोकांना असंच बाहेर नेलं होतं.

पण निसर्ग प्रत्येक वेळी वेगळा पेपर काढतो. २९ ऑगस्ट २०२१ ला, कॅटरिनाच्या तारखेलाच, आयडा आलं. ते इतक्या झपाट्यानं वाढलं की सगळं शहर हलवायला लागणारे ७२ तास हातात नव्हतेच. त्यामुळे बांधांच्या आतल्या भागासाठी सक्तीचा आदेश काढलाच नाही. यावेळी नवे बांध टिकले, पण अख्ख्या शहराची वीज गेली. न्यू ऑर्लिन्समध्ये या वादळानं दगावलेल्यांपैकी बहुतेक जण पाण्यानं गेले नाहीत. त्यानंतरच्या दिवसांत पंखाही नसलेल्या खोल्यांतल्या उकाड्यानं ते गेले. त्यात वयस्कर जास्त.

आपल्या घरी काय?

निघायचं की थांबायचं, हे इशारा आल्यावर ठरतं असं आपल्याला वाटतं. खरं तर ते बरंच आधी ठरून गेलेलं असतं. खिशात किती आहे, घरात कोण आहे, सरकारनं बस ठेवलीय का, गेल्या वेळी काय झालं होतं, यावरून. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा लोकांना घर सोडून निवाऱ्यात जायचं होतं, तेही कोविडच्या साथीत. बाहेर वादळ आणि आत गर्दी, यातलं काय जास्त धोक्याचं, हे त्यांना एका रात्रीत ठरवायचं होतं.

म्हणून एक छोटं काम सांगते. पावसाळ्याआधी एका रविवारी जेवताना घरी विषय काढा. तुमचं घर नदी, खाडी किंवा दरडीच्या जवळ असेल तर नक्कीच. निघायची वेळ आली तर जायचं कुणाकडे? कोणता इशारा आला की वाट न बघता निघायचं? आजीच्या गोळ्यांची यादी कुणाच्या मोबाइलमध्ये आहे? कागदपत्रं एका पिशवीत आहेत का? हातात थोडी रोख आहे का? कारण वीज गेली की यूपीआयही गेलं.

आणि शेवटचा प्रश्न, जो आपण सहसा विचारत नाही: आपल्या बिल्डिंगमध्ये, आपल्या गल्लीत एकटं कोण राहतं? आपली गाडी निघेल तेव्हा त्यात एक सीट रिकामी असेल, तर ती कुणासाठी, हे त्या रविवारीच ठरवून टाका आणि त्यांना सांगूनही ठेवा.