रोमा कार्यकर्त्यांचे प्रत्यार्पण : ‘सुरक्षित देशा’च्या शिक्क्याआड

प्रत्यार्पण म्हटले की आपल्याकडे अबू सालेमचे नाव आठवते. फाशी देणार नाही आणि 25 वर्षांहून अधिक काळ तुरुंगात ठेवणार नाही, अशी हमी भारताने दिल्यानंतरच पोर्तुगालने 2005 मध्ये त्याला आपल्या ताब्यात दिले. मुंबई बॉम्बस्फोटांतील आरोपीसाठी परक्या देशाने अटी घालाव्यात, हे अनेकांना रुचले नव्हते. पण मागणी करणारे सरकार सांगेल ते डोळे झाकून मान्य करायचे नाही, हेच तर प्रत्यार्पणाच्या कायद्याचे मूळ तत्त्व. ज्याचा छळ होण्याचा धोका आहे, त्या माणसाची ती अखेरची ढाल असते. युरोपातील रोमा समाजाच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या कार्यकर्त्यांच्या वाट्याला मात्र ही ढाल बरीच झिजलेल्या अवस्थेत येते.

एकेकाळी ‘जिप्सी’ म्हणून हिणवला गेलेला हा समाज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेकडे गेला, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. त्यांच्या रोमानी भाषेत आजही पाण्याला ‘पानी’, नाकाला ‘नाख’ आणि माणसाला ‘मनुष’ म्हणतात. युरोपभर त्यांची संख्या एक कोटीच्या घरात असून, नाझी राजवटीत त्यांचा वंशसंहार झाला. तो वंशविद्वेषातून झाल्याचे पश्चिम जर्मनीने अधिकृतपणे मान्य करायला 1982 साल उजाडावे लागले.

हा द्वेष इतिहासजमा झालेला नाही. हंगेरीत जुलै 2008 ते ऑगस्ट 2009 या काळात रोमा वस्त्यांवर ठरवून हल्ले करण्यात आले आणि त्यांत सहा जण मारले गेले. फेब्रुवारी 2009 मध्ये तातारसेंतग्योर्ग्य या गावात पेटत्या घरातून जीव वाचवण्यासाठी धावणारा बाप आणि त्याचा चिमुकला मुलगा गोळ्यांना बळी पडले. पोलिसांनी सुरुवातीला हा विजेच्या बिघाडाने लागलेल्या आगीचा अपघात ठरवला! ही बनवाबनवी उघड करण्यात पुढाकार घेणाऱ्यांत युरोपीय संसदेच्या तत्कालीन सदस्य, स्वतः रोमा असलेल्या व्हिक्टोरिया मोहाची होत्या. पुढे 2013 मध्ये न्यायालयाने तिघांना जन्मठेप ठोठावली. दरम्यान मोहाची यांना मायदेश सोडून कॅनडात आश्रय मागावा लागला. हल्ल्यांचे पुरावे गोळा करण्यात त्यांना मदत करणारा एक कार्यकर्ता तर हद्दपारी टाळण्यासाठी 2011 च्या अखेरीपासून जवळपास तीन वर्षे पत्नी आणि लहान मुलीसह टोरंटोतील एका चर्चमध्ये राहिला. त्याचा अर्ज मुळात फेटाळला गेला तो वकिलाने केलेल्या हलगर्जीपणामुळे.

येथे एक भेद लक्षात घ्यायला हवा. आश्रयाचा अर्ज फेटाळला की यजमान देश परक्याला बाहेर काढतो, ती हद्दपारी. प्रत्यार्पणात मायदेशाचे सरकारच गुन्ह्याचा ठपका ठेवून माणूस परत मागते. ‘हा आमच्याविरुद्ध बोलतो, म्हणून द्या’ असे कोणतेही सरकार अर्जात लिहीत नाही. कागदावर मारामारी, फसवणूक किंवा सरकारी कामात अडथळा अशी साधी कलमे असतात, आणि खरा हेतू शोधण्याचे काम परदेशातील न्यायाधीशावर येते.

त्यासाठी कायद्याने त्याच्या हाती साधने दिली आहेत. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व वा राजकीय मत यांमुळे शिक्षा करण्यासाठी मागणी झाली आहे असे मानण्यास सबळ कारण असेल, तर प्रत्यार्पण नाकारावे, असे युरोपच्या 1957 च्या प्रत्यार्पण करारातील तिसरे कलम सांगते. निर्वासितांविषयीचा 1951 चा करार जीव वा स्वातंत्र्य धोक्यात येईल अशा ठिकाणी परत धाडण्यास मनाई करतो. अमानुष वागणुकीचा खरा धोका असताना आरोपी सोपवणारा देशही दोषी ठरतो, हे युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 1989 मध्ये सोअरिंग खटल्यात स्पष्ट केले.

मग अडते कुठे? युरोपीय महासंघाच्या देशांनी एकमेकांवर टाकलेल्या विश्वासाशी. बास्क बंडखोरांना बेल्जियममध्ये आश्रय मिळू नये, या स्पेनच्या आग्रहातून 1997 च्या ॲम्स्टरडॅम करारासोबत एक जोडपत्र आले. त्यानुसार सर्व सदस्य देश परस्परांना ‘सुरक्षित’ मानतात. एका सदस्य देशाच्या नागरिकाने दुसऱ्यात आश्रय मागणे त्यामुळे जवळजवळ अशक्य झाले. स्पेनची डोकेदुखी दूर झाली. किंमत मोजली ती पूर्व युरोपातील रोमांनी.

झामोयच्या कुटुंबांचे उदाहरण बोलके आहे. हंगेरीतील या गावात प्रशासनाने घरे पाडल्यानंतर धमक्या आणि मारहाण सोसणारी काही रोमा कुटुंबे कार्यकर्ते योझेफ क्रास्नाई यांच्या नेतृत्वाखाली जुलै 2000 मध्ये थेट फ्रान्समधील स्ट्रासबर्गला पोचली. मार्च 2001 मध्ये फ्रान्सने त्यांतील काहींना निर्वासित म्हणून मान्यता दिली आणि बुडापेस्टमध्ये सरकारची चांगलीच अडचण झाली. एकदा हा दर्जा मिळाला की त्याच देशाच्या हवाली केले जाण्याची भीती बहुतांशी संपते. पण 1 मे 2004 रोजी हंगेरी महासंघात आला आणि ती वाट बुजली. त्याच वर्षी लागू झालेल्या युरोपीय अटक वॉरंटने प्रत्यार्पणातील मंत्र्यांचा अधिकार काढून सारी प्रक्रिया न्यायालयांकडे सोपवली. वांशिक कारणाने वॉरंट काढले गेल्याचे दिसल्यास नकार देता येईल, हे वाक्य त्या कायद्याच्या प्रस्तावनेत आहे. नकाराच्या कारणांच्या प्रत्यक्ष यादीत नाही. न्यायालयात या फरकाला मोठी किंमत असते. तुरुंगातील अमानुष स्थितीच्या कारणावरून वॉरंटची अंमलबजावणी थांबवता येते, असे महासंघाच्या न्यायालयाने 2016 मध्ये हंगेरी आणि रोमानियाच्या वॉरंटांबाबत मान्य केले खरे. मात्र त्या विशिष्ट व्यक्तीला धोका असल्याचे दिसायला हवे.

सरकारे समूहाकडे पाहून निर्णय घेतात तेव्हा काय होते, ते बेल्जियमने 1999 मध्ये दाखवले. गेंट शहरातील स्लोव्हाक रोमांना ‘अर्जाची पूर्तता’ करण्यासाठी पोलिस ठाण्यात बोलावण्यात आले आणि तेथेच ताब्यात घेऊन काही दिवसांत 70 हून अधिक जणांची विमानाने पाठवणी झाली. चोंका खटल्यात मानवी हक्क न्यायालयाने 2002 मध्ये ही सामूहिक हकालपट्टी बेकायदा ठरवली. तोवर विमान उतरून दोन वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

महासंघाबाहेर कॅनडा हा आधार होता. त्यानेही डिसेंबर 2012 मध्ये हंगेरीला ‘सुरक्षित देशां’च्या यादीत टाकून सुनावणीची मुदत आखडली आणि अपिलाचा मार्ग बंद केला. अपिलबंदी तेथील न्यायालयाने 2015 मध्ये रद्द ठरवली. यादी रिकामी व्हायला मे 2019 उजाडले. इंटरपोलने 2015 पासून घेतलेली भूमिका त्या मानाने स्वागतार्ह आहे. निर्वासिताचा दर्जा मिळालेल्या व्यक्तीविरुद्ध तिच्या मायदेशाच्या सांगण्यावरून निघालेली रेड नोटीस काढून टाकली जाते. अर्थात त्यासाठी आधी तो दर्जा मिळायला हवा.

दिल्लीत फेब्रुवारी 2016 मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय रोमा परिषदेचे उद्घाटन तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी केले आणि या समाजाशी असलेले नाते आपुलकीने सांगितले. आपला 1962 चा प्रत्यार्पण कायदा राजकीय स्वरूपाच्या गुन्ह्यासाठी कोणालाही सोपवू देत नाही. मागणी सद्‌हेतूने नसेल, तर कारवाई थांबवण्याचा अधिकार केंद्र सरकारला देतो. पण 1951 च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही आणि निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. उद्या एखादा रोमा कार्यकर्ता दिल्लीच्या विमानतळावर उतरलाच, तर त्याचे भवितव्य सरकारच्या मर्जीवर राहील.