ग्रंथपाल, आपण आहात ना?

ग्रंथालयात आलेला माणूस पहिल्या वाक्यात आपल्याला हवे ते क्वचितच मागतो. काउंटरमागे तीस वर्षे बसून मी एवढे एक शास्त्र शिकलो. "इतिहासाची पुस्तके कुठल्या कपाटात?" असे विचारणाऱ्या गृहस्थांना खरी हवी असते आपल्या आजोळच्या गावाची माहिती. "वैद्यकावर काही आहे का हो?" असे हळूच विचारणाऱ्या बाईंच्या घरी कुणीतरी नुकतेच अंथरुणाला खिळलेले असते. खरा प्रश्न बाहेर पडतो तो तिसऱ्या-चौथ्या वाक्याला, आणि तोही ग्रंथपालाची मुद्रा ठीक वाटली तर! त्याने चष्म्याच्या वरून नुसते पाहिले, तरी पुष्कळांचे शब्द घशातच राहतात. उलट हातातले रजिस्टर मिटून तो "बसा ना" म्हणाला, की निम्मे काम झालेच म्हणून समजा.

आता ही मुद्राच काढून घेतली तर? वाचक आपल्या घरी, ग्रंथपाल आपल्या टेबलाशी आणि दोघांच्या मध्ये संगणकाचा पडदा. बोलणे काय ते टाइप केलेल्या ओळींतून. अमेरिकेतील ग्रंथालयांनी गेल्या शतकाच्या अखेरीस अशी सोय सुरू केली आणि पाहता पाहता ती गावोगावच्या ग्रंथालयांत पसरली. 2002 साली लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि ओसीएलसी ही ग्रंथालयांची सहकारी संस्था यांनी मिळून 'क्वेश्चनपॉइंट' नावाची सामायिक यंत्रणा उभी केली. ओसीएलसीने ती 2019 साली दुसऱ्या कंपनीकडे सोपवली. या यंत्रणेची गंमत अशी, की आपल्या गावच्या ग्रंथालयाला रात्री विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर भलत्याच राज्यातला ग्रंथपाल देई. म्हणजे तोंडओळख तर नाहीच, गावओळखही नाही. अशा ठिकाणी अगत्य दाखवायचे कसे?

हा प्रश्न मात्र चॅटपेक्षा फार जुना आहे. 1876 साली फिलाडेल्फियात अमेरिकेतील ग्रंथपालांची परिषद भरली. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनचा जन्म तिथलाच. त्या परिषदेपुढे वूस्टर गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे सॅम्युएल स्वेट ग्रीन यांचा एक निबंध आला. विषय होता ग्रंथपाल आणि वाचक यांचे परस्परसंबंध. ग्रीनसाहेबांनी ग्रंथपालापुढे आदर्श ठेवला तो कुणा पंडिताचा नव्हे, जुन्या काळच्या खाणावळवाल्याचा! येणाऱ्याचे त्याने हसून स्वागत करावे आणि हवे ते हाती पडेपर्यंत त्याला सोडू नये. चांगला दुकानदार जसा गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने जाऊ देत नाही, तसा. पुस्तके उत्तम पण कारभारी तुसडा, असे ग्रंथालय त्यांच्या मते कुचकामी होते. दीडशे वर्षे होत आली तरी याहून शहाणे बोलणे मला या विषयात वाचायला मिळालेले नाही.

चॅटवर ग्रीनसाहेबांची ही शिकवण कितपत टिकते, ते रटगर्स विद्यापीठातील मेरी रॅडफर्ड यांनी तपासून पाहिले. टाइप केलेले संभाषण जसेच्या तसे साठून राहते. काउंटरवरचे बोलणे वाऱ्यावर जाते, हे मात्र अक्षरशः कागदावर येते. रॅडफर्डबाईंनी प्रथम 44 संभाषणे घेतली. ती उत्तम चॅटसाठी ग्रीन यांच्याच नावाने ठेवलेल्या एका पारितोषिकाच्या स्पर्धेतली होती. मग मेरीलँड राज्याच्या सेवेतली 245 घेतली आणि 2006 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे ओसीएलसीच्या लिन कॉनवे यांच्याबरोबर त्यांनी क्वेश्चनपॉइंटची 850 संभाषणे चाळली.

त्यांना आढळले ते असे, की माणसे मुद्रेची उणीव भरून काढायला काहीतरी शोधतातच. कुणी उद्गारचिन्हांची माळ लावतो, कुणी कंस-विसर्गांचा हसरा चेहरा काढतो, कुणी तीन टिंबे देऊन "थांबा, मी विचार करतोय" असे सुचवतो. विद्यार्थी "उद्याच द्यायचाय हो निबंध!" म्हणून आपली अडचण सांगतो. ग्रंथपाल जर यावर "अरे बापरे, मग लागू या कामाला" म्हणाला, तर पुढचे संभाषण निराळेच वळण घेते. आणि त्याने ती ओळ वाचलीच नाही असे दाखवून नुसता संकेतस्थळाचा पत्ता फेकला, तर उत्तर बरोबर असूनही मुलगा हिरमुसतो. आमच्याकडे 'उत्तर दिले' आणि 'उत्तर तोंडावर मारले' यांत जो फरक आहे, तोच इथे!

चॅटवरचा सर्वांत मोठा उद्धटपणा कोणता, असे मला विचाराल तर मी सांगेन, मौन. काउंटरवर ग्रंथपाल कपाटाकडे जातो तेव्हा त्याची पाठ दिसते, शिडी सरकल्याचा आवाज येतो. पडद्यावर मात्र काहीच हलत नाही. दोन मिनिटे गेली की वाचकाला वाटते, हा गृहस्थ आपल्याला विसरला. मग तो टाइप करतो, "ग्रंथपाल, आपण आहात ना?" शाळकरी पोरे एवढी सौम्य नसतात. रॅडफर्डबाईंच्या एका निबंधाचे शीर्षकच मुळी "अरे बाबा, एवढे हळू का टाइप करतोस?" अशा अर्थाच्या पोरकट बोलीतले आहे. बिचारा ग्रंथपाल तिकडे चार सूच्या उघडून घाम गाळत असतो! म्हणून जाणता ग्रंथपाल मध्ये मध्ये एखादी ओळ सोडतो, "अजून शोधतोय, एक जागा आणखी पाहतो." डॉ. रंगनाथन यांनी 1931 साली सांगितलेल्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवा असे सांगते. ही ओळ टाइप करण्यात चार सेकंद जातात हे खरे. पण तिच्यामुळे वाचक बसून राहतो, आणि निघून गेलेल्या वाचकाचा वेळ कुणाला वाचवता येत नाही.

आणि विचारणे ही मुळात सोपी गोष्ट नव्हे. पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी सभ्य बोलण्याचा एक सिद्धांत 1978 साली मांडला. तो ज्या तीन भाषांवर उभा आहे, त्यांत एक आपल्या शेजारची तमिळ आहे. त्यांचे सार असे, की काही मागणे म्हणजे दुसऱ्याच्या अंगणात पाऊल टाकणे, म्हणून माणूस आधी खाकरतो. "त्रास देतो, क्षमा करा", "प्रश्न जरा वेडगळच आहे" ही ती खाकर. जो विचारतो तो आपले अज्ञान उघडे करत असतो. त्या क्षणी त्याची लाज राखणे हे ग्रंथपालाचे काम.

इंग्रजीत 'यू' या एका शब्दावर सगळे भागते. मराठीत असे चॅट करायचे तर पहिल्याच ओळीला पेच! समोर आठवीतला बंड्या आहे की निवृत्त मामलेदार, हे न दिसता 'तू' म्हणायचे, 'तुम्ही' म्हणायचे की 'आपण'? माझे मत विचाराल तर 'तुम्ही'ने सुरुवात करावी. आठवीतल्या पोराला कुणी 'तुम्ही' म्हटले म्हणून त्याचे काही बिघडत नाही, उलट दोन दिवस ताठ चालतो.

मला स्वतःला या सेवेचा लाभ झाला तो एका जुन्या मराठी मासिकामुळे. पीएल 480 कायद्याखाली अमेरिकेहून आलेल्या गव्हाच्या पोळ्या आमच्या पिढीने खाल्ल्या. पण त्या गव्हाच्या रुपयांतून 1962 पासून भारतीय पुस्तके व नियतकालिके खरेदी होऊन अमेरिकेतील ग्रंथालयांत गेली, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. मला हवे असलेले मासिकाचे अंक मुंबईत मिळेनात. तेव्हा भाच्याने तिकडच्या एका विद्यापीठाची चॅटची खिडकी उघडून दिली. आमची रात्रीची जेवणे झाली होती, तिकडे सकाळ होती. मी मासिकाचे नाव रोमन लिपीत तीन प्रकारांनी लिहिले. पलीकडून उत्तर आले, की मला मराठी येत नाही, पण तुमच्यामुळे या नावाचे निरनिराळे वर्णलेखन तरी कळले, चला पाहू. वीस मिनिटांत त्या व्यक्तीने पाच वेळा "अजून इथेच आहे" असे कळवले. सरतेशेवटी कळले ते असे, की हवे ते वर्ष त्यांच्याकडे नाहीच. पण कुठल्या दोन ग्रंथालयांच्या सूचीत ते दिसते आणि तिथे कुणाला लिहायचे, तेही कळले. हाती मासिक आले नाही आणि तरीही मी खूश होऊन झोपलो. भाचा म्हणाला, "मामा, मिळाले तर काहीच नाही!" त्याला काय सांगणार?

याच्या नेमके उलटे उदाहरण कॅनडातले आहे. तिथल्या वेस्टर्न ऑन्टॅरिओ विद्यापीठात कॅथरीन रॉस आणि पॅट्रिशिया ड्यूडनी यांनी ग्रंथपालनाच्या विद्यार्थ्यांना साधे वाचक म्हणून निरनिराळ्या ग्रंथालयांत पाठवले आणि आलेले अनुभव लिहून घेतले. 1998 साली त्यांनी दाखवून दिले, की वाचकाला गोड बोलून वाटेला लावण्याच्या कितीतरी युक्त्या ग्रंथपालांना अवगत असतात. एक अंक चिठ्ठीवर लिहून द्यायचा आणि "त्या कपाटात बघा" म्हणायचे, पुढे त्याला सापडले की नाही ते पाहायचे नाही. "हे इथे मिळणे कठीणच" असे आधीच बजावायचे. हे सारे हसतमुखाने करता येते, म्हणून मी नुसत्या गोड बोलण्याला भुलत नाही. चॅटवर तर ही पळवाट आणखी सोपी. एक दुवा चिकटवला, "शुभ दिवस" म्हटले, खिडकी बंद!

2020 साली साथीमुळे ग्रंथालयांची दारे लागली, तेव्हा कित्येक विद्यापीठांत हीच खिडकी तेवढी उघडी राहिली. आता तर उत्तरे देणारी यंत्रे आली आहेत. ती कधी थकत नाहीत, रागावत नाहीत, आर्जव तर इतके करतात की संकोच वाटावा. पण हवे ते नसल्यावर दुसऱ्या गावच्या सहकाऱ्याला फोन लावणारा आणि त्याची वाट पाहत आपल्याबरोबर ताटकळणारा कुणी तिथे नसतो.

निरोपाचे मात्र चॅटवर अजून नीट बसलेले नाही. वाचक मध्येच नाहीसा होतो. शाळेची घंटा झाली असेल, वीज गेली असेल, आईने जेवायला हाक मारली असेल. पलीकडे ग्रंथपाल विचारतो, "आहात ना?" आता प्रश्न विचारण्याची पाळी त्याची! उत्तर येत नाही. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या संदर्भसेवा विभागाने 2004 साली सुधारलेल्या मार्गदर्शिकेत, समाधान झाले का असे विचारल्याखेरीज संवाद संपवू नये असे सांगितले आहे. पण विचारायचे कुणाला? अनेक ठिकाणी सगळे संभाषण वाचकाच्या ईमेलवर आपोआप जाते. म्हणून चांगला ग्रंथपाल त्या रिकाम्या खिडकीत शोध पुरा करतो, सापडलेले पुस्तक, पान, कपाट सारे व्यवस्थित लिहितो, "तुम्हाला घाईने जावे लागले असे दिसते, काही राहिले असेल तर पुन्हा जरूर विचारा" अशी ओळ खाली घालतो, आणि मग पुढच्या वाचकाकडे वळतो.